निवड समिती

ऑइल फिल्टर ही गाडीतली अशी वस्तू आहे, जी बहुतेक मालकांनी फक्त बिलावर पाहिलेली असते. चाकं दिसतात. आरसे दिसतात, म्हणजे आमच्या घाटकोपरात रात्रभर गाडी रस्त्यावर राहूनही ते सकाळी जागेवर असले तर. हॉर्न दिसत नाही, पण त्याची उणीव कोणी भासू देत नाही. फिल्टर मात्र इंजिनाच्या बगलेत लपून बसलेला मूठभर आकाराचा पत्र्याचा डबा. त्याचं दर्शन घ्यायचं तर जमिनीला पाठ टेकावी लागते, आणि चाळिशी उलटलेल्या कारकुनाची पाठ एकदा जमिनीला टेकली की तिला उठवायला दुसरा माणूस लागतो.

हा डबा बदलायची मुदत माझ्या गाडीच्या पुस्तकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी दिली आहे. ही भाषा वाचून मला ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. आमची गाडी वर्षाला चार हजारांवर जात नाही. एलबीएस मार्गावर गाडी धावत नाही, उभी असते. त्यामुळे आमच्याकडे कायम वर्षच आधी होतं. उभ्या गाडीचं इंजिन मात्र चालू असतं. काटा हलत नाही म्हणून तेलाला रजा मिळत नाही.

एरवी हा विषय मी मेकॅनिकवर सोडला असता. पण गेल्या गणपतीत आईला घेऊन चिपळूणकडच्या गावी जायचं होतं. कोकण रेल्वेची तिकिटं खिडकी उघडता उघडता संपतात, आणि एसटीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना आता मंजूर नाहीत. भर उन्हात, माणगावच्या कोंडीत, मागच्या सीटवर पंचाहत्तर वर्षांची आई आणि पुढे बंद पडलेलं इंजिन, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा ठरवलं, या खेपेला डबा आपण निवडायचा.

आमच्या बिल्डिंगमध्ये एखाद्याने काही निवडायचं ठरवलं की निवड समिती आपोआप भरते. अध्यक्षस्थानी दुसऱ्या मजल्यावरचे काका. काकांनी वीस वर्षं पद्मिनी चालवली. ती बनायची ते कुर्ल्याचं प्रीमियर ऑटोमोबाइल्स आमच्यापासून फार लांब नव्हतं; त्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा काकांनी घरात सुतक असल्यासारखा चेहरा केला होता.

“अरे, आमच्या वेळी गाड्या तीन,” काका म्हणाले. “अँबॅसडर, फियाट आणि हेराल्ड. दुकानात जाऊन ‘फियाटचा द्या’ म्हटलं की काम झालं.”

आता तसं नाही, हे त्यांना कोण सांगणार? माझ्या वॅगन आरचंच घ्या. हे नाव १९९९ सालापासून चालत आलंय, २०१० मध्ये आतलं इंजिन बदललं आणि नाव तेच राहिलं. म्हणजे खातेदार दुसरा, खातं जुनंच! दुकानदाराला नुसतं ‘वॅगन आर’ सांगणं म्हणजे बँकेत येऊन ‘पाटलांचं पासबुक द्या’ म्हणण्यासारखं आहे. साल सांगावं लागतं, इंजिन सांगावं लागतं, आणि त्यावरून येणारा पार्ट नंबर डब्यावरच्या नंबराशी आकडा न् आकडा ताडून पाहावा लागतो. ताडून पाहणं हा आमचा धंदाच आहे.

आमचे मेहुणे समितीचे निमंत्रित सदस्य. त्यांचं मत, “भावजी, जरा मोठा बसतो का बघा. मोठ्यात जास्त कचरा मावतो.” त्यांच्या घरी फ्रिजही याच तत्त्वावर घेतलाय.

पण खरी गाठ होती आमच्या मेकॅनिकशी. पुलाखाली त्याचं गॅरेज आहे. हात सोन्याचा, मत लोखंडाचं. तो म्हणाला, “साहेब, एवढा काय विचार करता? आटे बसले की झालं!”

या ‘आटे बसले की झालं’वर मी दोन रात्री विचार केला. सही जुळली की झालं, असं आमच्याकडे कोणी म्हणालं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर मेमो येईल. चेकवर तारीख असते, अक्षरी रक्कम असते, खाडाखोड असते. सही ही नुसती आटे बसल्याची खूण. एका गाडीचा डबा दुसऱ्या गाडीला खुशाल फिरून बसू शकतो. तो गळत नाही, पडत नाही. आत तो काय करतोय, ते मात्र बाहेरून कळत नाही.

तो काय करतो ते थोडक्यात सांगतो. पंप तेलाला दाबाने डब्यात ढकलतो. तोंडाशी लहान छिद्रांचं एक कडं असतं, त्यातून तेल आत जातं, घड्या घातलेल्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या भोकातून बाहेर पडून इंजिनाच्या बेअरिंगांकडे जातं. धातूचा कीस आणि काजळी कागदावर राहते. मोटारीसाठी ही युक्ती अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३ मध्ये काढली. तिचं नाव प्युरोलेटर, म्हणजे ‘प्युअर ऑइल लेटर’. ‘शुद्ध तेल, पण नंतर’ हे वाचून मला आमचं रेशनचं दुकान आठवलं. आज आपण फिरवून बसवतो तो बंद डबा १९५४ चा. त्याआधी भांडं खोलून आतली गाळणी बदलावी लागायची.

घड्यांच्या कागदाखेरीज आत दोन झडपा असतात, आणि सगळी गंमत त्यांत आहे. पहिली बायपास. कागद तुंबला किंवा थंडीत तेल दाट झालं की दाब वाढतो, ही झडप उघडते आणि न गाळलेलं तेल तसंच पुढे जातं. ऐकायला वाईट वाटतं. पण इंजिनाला मळकं तेल एक वेळ चालतं, तेलच नाही मिळालं तर ते काही मिनिटांत जाम होतं. आमच्या काउंटरवर रांग दाराबाहेर गेली की साहेब केबिनमधून ‘त्यांना जाऊ द्या हो’ म्हणतात, तीच ही झडप. ती कुठल्या दाबाला उघडायची हे इंजिनागणिक ठरलेलं असतं. लवकर उघडली तर गाळणं नावापुरतं, उघडलीच नाही तर इंजिन उपाशी.

दुसरी झडप म्हणजे रबराची एक चकती. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं तेल ती परत खाली जाऊ देत नाही. सोसायटीच्या पंपाला जो फूट व्हॉल्व्ह असतो, त्याची ही धाकटी बहीण. तो व्हॉल्व्ह खराब झाला की सकाळी पंप नुसता घरघरतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी सेक्रेटरीला हाका मारतात, हे सर्वांना ठाऊक आहे. गाडीतही तसंच होतं. चकती कडक झालेली असेल तर सकाळी पहिले काही क्षण इंजिन कोरडं फिरतं आणि खडखडतं. कॉमर्सला आम्हाला घसारा शिकवला तो वहीतला. इंजिनातला घसारा खरोखर घासून होतो, आणि त्याची नोंद कोणी करत नाही.

मुंबईत नवे पार्ट ऑपेरा हाऊसला आणि जुने कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, अशी जुनी वाटणी आहे. मी मात्र उपनगरातच दोन दुकानं फिरलो. एकात एकशेपंचवीसला डबा मिळाला, छापील बिलासह. दुसऱ्यात साठ रुपयांना, त्याच रंगाचा, त्याच नंबराचा. “सेम टु सेम, शेठ.” बिल मागितलं तर दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी त्याच्या मुलीची पत्रिका मागितली. खोट्या नोटा हाताळून आमच्या बोटांना एक संशय चिकटलेला असतो. छपाई किंचित फिकी होती. छिद्रातून काडी घालून पाहिली, तर एका डब्यात रबर मऊ लागलं आणि दुसऱ्यात पुठ्ठ्यासारखं.

मी दोन्ही घेतले. साठाचा डबा मेकॅनिकपुढे ठेवून म्हणालो, “उस्ताद, हा काप.”

त्याने करवतीने तो कापला, आणि कोपऱ्यात पडलेला माझ्या गाडीचा जुना, कंपनीचा डबाही कापला. शेजारी ठेवून आम्ही घड्या मोजल्या. साठवाल्यात निम्म्या होत्या. आणि बायपासच्या जागी नुसता पत्र्याला आणलेला खोलगटपणा. स्प्रिंगच नव्हती! सोंगातला मारुती, नुसतं शेपूट.

मेकॅनिक बराच वेळ ते दोन अर्धे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “टॅक्सीवाले हाच मागतात, साहेब. त्यांना साठचाच परवडतो.”

यावर मी हिशेब मांडून दाखवला. एकशेपंचवीस भागिले दहा हजार, किलोमीटरला सव्वा पैसा. ती नाणीसुद्धा आता चलनात नाहीत. पण इंजिन खोलायचं बिल हजारांत येतं, आणि तेवढे दिवस टॅक्सी बंद. तो काही बोलला नाही. फळीवरचं खोकं मात्र त्याने उचलून टेबलाखाली सरकवलं. ते पुन्हा वर आलं की नाही, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.

बाकी बसवणं सोपं. जुना डबा निघाला की त्याचं रबराचं कडं इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, ते पाहायचं; राहिलं आणि त्यावर नवं चढलं, तर तेल रस्त्यावर. नव्या कड्याला बोटाने तेल लावायचं, डबा हाताने फिरवायचा, कडं टेकलं की आणखी पाऊण फेरा. पान्याने आवळायचा नाही. मेहुण्यांना हे पटलं नाही, पण त्यांना खाली वाकता येत नाही. इंजिन चालू केलं, तेलाचा लाल दिवा दोन क्षणांत विझला, आणि मी वाकून पाहिलं तर खाली थेंबही नव्हता.

माणगावला आम्ही अपेक्षेप्रमाणे दोन तास अडकलो. इंजिन पुटपुटत होतं, खडखड नव्हती. मी आईला म्हटलं, “बघ, डबा बरोबर निवडला म्हणून.”

“बरी आठवण केलीस,” आई म्हणाली आणि तिने मागच्या सीटवर डबा उघडला. त्यात थालिपीठं होती. त्या डब्याला आटे नव्हते. झाकण घट्ट बसावं म्हणून वरून माझा जुना रुमाल बांधला होता.