परसातली फुले गोधडीवर

कर्जतहून चौकमार्गे खालापूरकडे जाताना इर्शाळगडाचा सुळका लांबपर्यंत सोबत करतो. चैत्र-वैशाखात भातखाचरे रिकामी असतात. राजनाल्याचे पाणी पोचते तेवढ्याच शिवारात उन्हाळी भात हिरवा दिसतो. आपल्या मायबहिणींचा गोधड्या शिवण्याचा हंगाम तो हाच. पुढे लावणी सुरू झाली की सवड नाही, आणि पावसात भिजलेली गोधडी वाळतही नाही.

गोधडी म्हणजे जुन्या सुती लुगड्या-धोतरांचे थर. खाली अखंड लुगडे, मध्ये विरलेले कापड, वर रंगीत तुकडे. धावदोरा कडेने सुरू करून आत आत नेतात, म्हणजे थर सरकत नाहीत.

चौकच्या अलीकडे एका पडवीत एक आजी सुनेबरोबर गोधडी शिवत होत्या. वर लाल जास्वंद, पिवळा गोंडा, केशरी अबोली आणि मधोमध तुळशीवृंदावन.

"आजी, फुले कुठली काढलीत?"

"आपल्या जुन्या परसातली, भाऊसाहेब. जागा इकली पोरांनी. आता तिथं बंगला हाय. ही मातर इकायची नाय, नातीला देयाची."

सून मात्र दुसरी गोधडी विकायला शिवत होती. व्यापारी म्हणाला होता, चिंध्या फुकटच्या, मग पैसे कसले?

भगिनींनो, याचा हिशेब आपणच मांडावा. रोज दोन तास धरले तर वीस दिवसांत चाळीस तास होतात. म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. गावात लावणीची जी मजुरी चालते, ती पाच दिवसांची धरा. त्यात सुई-दोऱ्याचा खर्च मिळवा. त्याखाली गोधडी देऊ नये. नक्षी मनाची असेल तर वर चार पैसे मागायला संकोच कसला?

दोन गोष्टी सांभाळाव्यात. घरात आता नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्याच जास्त. त्या घाम शोषत नाहीत, सुईखाली घसरतात. म्हणून सुती कापड दिसेल ते धुऊन, उन्हात वाळवून बाजूला ठेवावे. आणि गडद तुकडा आधी पाण्यात भिजवून पाहावा. रंग सुटत असेल तर तो पांढऱ्याशेजारी लावू नये.

परस अजून शाबूत असेल, तर नक्षीसाठी लांब जायला नको. दुधीचे फूल, तगर, कारल्याचा वेल सारे दारातच आहे. सुनेला आणि लेकीला शेजारी बसवून या उन्हाळ्यात एक तरी गोधडी घरासाठी शिवावी.