शपथेचे अक्षर आणि आशय

प्राचीन रोम नगरात ‘फिदेस’ नावाची देवता होती. फिदेस म्हणजे दिलेल्या शब्दाची विश्वासार्हता. आपल्या पेढीच्या भाषेत ‘पत’. कॅपिटोल टेकडीवर तिचे मंदिर होते. तिच्या पूजेच्या वेळी पुरोहित उजवा हात बोटांपर्यंत पांढऱ्या वस्त्रात गुंडाळीत, कारण वचन देणारा तो हात पवित्र मानला जाई. पतीलाच देव्हाऱ्यात बसविणाऱ्या या नगराचे मला, जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला, कौतुक वाटले तर नवल नाही.

त्या नगराची एक कथा मात्र मला अस्वस्थ करते. इ.स.पू. 216 मध्ये कॅनीच्या लढाईत हॅनिबलने हजारो रोमन सैनिक पकडले. खंडणीची बोलणी करण्यासाठी त्यांपैकी दहा जणांना त्याने रोमला धाडले. बोलणी फिसकटल्यास परत येऊ, अशी शपथ घेऊन. त्यांतला एक जण छावणीबाहेर पडताच काहीतरी विसरल्याच्या मिषाने मागे वळला आणि पुन्हा निघाला. एकदा परतलो, शपथ फिटली, असा त्याचा हिशेब. सिनेटने खंडणी नाकारली आणि या हिशेबी माणसालाही बांधून हॅनिबलकडे पाठविले. सुमारे पावणेदोन शतकांनंतर सिसेरोनेही त्याची चलाखी धिक्कारली.

आपल्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ आहे. ठेव ठेवणारा रक्कम विसरून कमी मागतो आणि सांभाळणारा ‘होय, तेवढीच होती’ म्हणून तेवढीच देतो. आकडा तर त्यानेच सांगितलेला! तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हे वाचताना वाटते, हा ग्रंथ शाखेच्या काउंटरमागे बसून वाचायला हवा होता.

मी शाखाधिकारी असताना धान्याच्या एका लहान व्यापाऱ्याला म्हणालो होतो, “शेठ, माल भरा, कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देतो.” त्यांनी माल भरला. पुढे वरून धोरण बदलले. ते आले तेव्हा मी फाइल उघडून म्हणालो, “लेखी कुठे आहे?” ते खरेच होते, लेखी काही नव्हते. त्यांनी घरातले दागिने मोडून उधारी भागविली. मला दोष दिला नाही. पुढेही भेटले की तेच आधी ‘जय जिनेंद्र’ म्हणत.

त्या दिवशी मी छावणीत एक फेरी मारून आलो होतो, एवढेच.

दर संवत्सरीला मी त्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. सर्वांना म्हणतो तसेच, हात जोडून, पटकन. त्या मर्यादेचा उल्लेख आजवर एकदाही केलेला नाही. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. दुकान मुलगा पाहतो. यंदा पर्युषणाची वाट न पाहता त्यांच्याकडे जायचे ठरविले आहे.