बोलकी तबकडी आणि अबोल तबकडी

पूर्वी आपल्या घरांतून मोलाचे कागद ठेवण्याची एक पेटी असे. बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले, शेताचा उतारा, बोटीवर नोकरीस गेलेल्या मुलाची पत्रे आणि एखादे पिवळे पडलेले छायाचित्र, एवढा ऐवज तिच्यात डांबरगोळ्यांच्या वासात सुरक्षित राही. त्या पेटीचे शत्रू सर्वांच्या परिचयाचे होते : वाळवी, ओल, उंदीर आणि आग. पेटी उघडताच वाळवी दिसे, ओलीचा वास येई आणि गृहिणी वेळीच सावध होई.

आता त्या पेटीची जागा दुसऱ्याच पेटीने घेतली आहे. छायाचित्रे फोनवर निघतात, पत्रे फोनवर येतात आणि फोन भरला की तो सारा संग्रह कोठेतरी साठवावा लागतो. काही घरांतून त्यासाठी एक लहानसा सर्व्हर ठेवलेला असतो. दोन जाड ग्रंथ शेजारी शेजारी ठेवावेत एवढाच त्याचा आकार. आत हार्ड डिस्क बसविलेल्या आणि घरातील सर्वांचे फोन वायफायने त्यास जोडलेले. आमच्या घरीही असा एक आहे. या नव्या पेटीला लागणारी वाळवी डोळ्यांस दिसत नाही. ती कशी ओळखावी, हे २०२४ सालच्या उपवासकाळात आम्हांस शिकावे लागले. तो अनुभव इतर कुटुंबांच्या उपयोगी पडेल, या हेतूने येथे सांगत आहे.

प्रथम हार्ड डिस्क म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरून, केसाच्या जाडीच्या कित्येक पट कमी अंतरावरून, वाचणारे व लिहिणारे एक सूक्ष्म टोक तरंगत असते. अशा जातीचे पहिले यंत्र १९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. मात्र एका ठिकाणी जेवढे अधिक साठवावे, तेवढे एका आघाताने अधिक जाते, हेही त्याबरोबर आलेच.

आमच्या सर्व्हरमध्ये चार टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाते; एक निकामी झाली तरी दुसरी घराचा गाडा ओढते. यास 'मिररिंग' म्हणतात. याखेरीज आमच्या थोरल्या मुलीने एक नेम घालून दिला आहे. नाताळ, ईस्टर, १५ ऑगस्टचा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन, या चार प्रसंगी सर्व संग्रहाची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क धाकट्या भावाच्या घरी ठेवायची.

त्या वर्षी जानेवारीत माझ्या आत्याने आमच्याकडे बसून लग्नातील हळदीची आणि उपवासकाळात म्हणावयाची जुनी गाणी एका भाच्याच्या ध्वनिमुद्रकावर गाऊन दिली. वय नव्वदीकडे झुकलेले, तरी कडव्यामागून कडवे तोंडपाठ. ती गाणी कोठे लिहिलेली नाहीत आणि आमच्या पंचक्रोशीत ती येणारी दुसरी व्यक्ती आता उरलेली नाही. सहा तासांचे ते मुद्रण सर्व्हरवर चढविले गेले आणि भाचा आपले यंत्र घेऊन परगावी गेला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आत्या देवाघरी गेली. नेमाची पुढील प्रत ईस्टरला, म्हणजे ३१ मार्चला व्हायची होती.

तिच्या सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर मंडळी घरी जमली. कोणीतरी आत्याचा आवाज लावण्यास सांगितले. गाणे सुरू होण्यास मिनिटभर लागले, मध्येच ते अडकले, आणि पेटीतून 'टक्-टक्' असा आवाज येऊ लागला. पाठोपाठ फोनवर सर्व्हरचा इशारा आला की, दोन डिस्कपैकी पहिली प्रतिसाद देत नाही. क्षणभराने ती पुन्हा हजर झाली आणि पुन्हा नाहीशी झाली.

शहरातील एका दुरुस्ती करणाऱ्याला फोन केला. तो तत्काळ म्हणाला, "टक्-टक् वाजते ना? मग ती डिस्क गेली. काढून टाका आणि नवी घाला." सल्ला सरळ होता आणि नवी डिस्क विकत घेण्याची आमची तयारीही होती. परंतु मुलगी म्हणाली, "बाबा, थांबा. आधी प्रत, मग परीक्षा आणि शेवटी शिक्षा." हे तीन शब्द मी वहीत लिहून ठेवले. पुढे जे घडले, ते याच क्रमाने घडले.

प्रत. संशय येताच सर्व्हरवर नवे काही चढविणे थांबविले. तो पुनःपुन्हा बंद-चालू करण्याचा मोहही आवरला. कारण आजारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच, याची हमी नसते. नाताळानंतर आलेला सारा मजकूर, आणि त्यातही आत्याचे मुद्रण सर्वांच्या आधी, मुलीच्या संगणकावर उतरवून घेतला. ती रात्र आम्ही जागलो. शेवटचे गाणे उतरल्यावर ते मुलीच्या संगणकावरून अखेरपर्यंत ऐकले, तेव्हा कोठे जिवात जीव आला. प्रत झाली असे संगणक म्हणतो, तेवढ्यावर विसंबू नये. ती उघडून पाहावी.

परीक्षा. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची एक नोंदवही स्वतःच ठेवते. तिला 'स्मार्ट' असे नाव आहे आणि 'स्मार्टसीटीएल' नावाच्या विनामूल्य आज्ञावलीने ती वाचता येते. तिच्यात बऱ्याच नोंदी असतात. परंतु सामान्य माणसाने चार-पाच ओळखल्या तरी पुरे. ५ क्रमांकाची नोंद सांगते की, किती खराब झालेले कप्पे डिस्कने बाद करून त्यांच्या जागी राखीव कप्पे वापरले. १९७ क्रमांक सांगतो की, किती कप्पे वाचता येईनासे झाले असून त्यांचा निकाल अजून लागायचा आहे. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले कप्पे. हे तीन आकडे तबकडीच्या देहाविषयी बोलतात. १९९ क्रमांक मात्र डिस्क आणि संगणक यांच्यामधील संभाषणात किती वेळा बिघाड झाला, ते सांगतो. त्याचा संशय बहुधा केबलवर जातो. १९२ क्रमांक सांगतो की, वीज अकस्मात तुटल्यामुळे टोकाला किती वेळा घाईने माघारी यावे लागले.

आमच्या 'गेलेल्या' डिस्कच्या नोंदवहीत ५, १९७ आणि १९८ या तिन्हींपुढे शून्य होते. १९९ पुढे दोनशेहून अधिक आणि १९२ चा आकडा दर तासाला चढता. जिला आम्ही मृत्युशय्येवर समजत होतो तिची नाडी उत्तम चालत होती. तिला अन्न मात्र तुटक तुटक मिळत होते. वीज तुटली की टोक झटक्याने माघारी येते, आणि आम्ही ऐकलेली टक्-टक् तीच असावी, असे आता वाटू लागले.

अनुमान आणि पुरावा यांत अंतर असते. म्हणून सर्व्हर बंद केला, दोन्ही डिस्कवरील अनुक्रमांक कागदावर उतरवून घेतले (घाईत भलतीच डिस्क हाती येण्याचा प्रसंग अनेकांवर येतो) आणि दोघींच्या जागा बदलल्या. युक्तिवाद साधा होता : दुखणे डिस्कबरोबर गेले तर दोष डिस्कचा, दुखणे जागच्या जागी राहिले तर दोष जागेचा. प्रती हाती असल्यामुळेच ही परीक्षा निर्धास्तपणे करता आली. तासाभराने आवाज आला तो त्याच जागेतून, परंतु आता तेथे दुसरी डिस्क होती! मग एका वेळी एकच बदल, या नियमाने पुढे गेलो. माहितीची केबल बदलली. १९२ चा आकडा चढतच राहिला. मग वीज दोन डिस्कमध्ये वाटून देणारा जोड उघडला. त्यातील एक टोक सैल पडून काळवंडले होते. काही रुपयांचा नवा जोड बसविला आणि पेटी शांत झाली. १९९ चा आकडा मात्र आजही दोनशेवरच आहे, कारण तो कधी मागे येत नाही. तो वाढतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

येथे कोणीही सुटकेचा निःश्वास टाकला असता. मुलीने मात्र परीक्षा पुरी करण्याचा आग्रह धरला आणि दोन्ही डिस्कना दीर्घ चाचणी दिली. या चाचणीत डिस्क आपला प्रत्येक कप्पा आरंभापासून अंतापर्यंत स्वतः वाचून पाहते. आमच्या डिस्कना सात-आठ तास लागले. जिच्यावर सर्वांचा संशय होता ती निर्दोष ठरली. आणि जिने एवढ्या दिवसांत एकदाही तक्रार केली नव्हती, तिची चाचणी मध्येच वाचन-दोषाने थांबली! काल तिच्या १९७ क्रमांकापुढे शून्य होते, आज आठ. हे आठ लहान कप्पे म्हणजे तबकडीवरील ४०९६ बाइटांचा एकच सलग तुकडा. तो कदाचित महिनोन्महिने खराब असेल. पण तेथील मजकूर कोणी मागितलाच नव्हता, म्हणून कोणास कळले नाही.

दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही बोलकी डिस्क फेकली असती, तर नवीवर सारा संग्रह उतरविण्यासाठी या अबोल, आजारी डिस्कवरच भार पडला असता. मग त्या तुकड्याच्या जागी कोणाचे छायाचित्र अथवा कोणत्या गाण्याचे कडवे गेले असते, ते सांगता येत नाही.

शिक्षा. आता निर्णय कठीण नव्हता. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यांना दिसले. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे : निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी या महत्त्वाच्या नोंदींपैकी एकीतही आधी सूचना दिलेली नव्हती. म्हणजे नोंदवहीतील वाईट बातमी खरी मानावी. तिचे मौन मात्र आरोग्याचा दाखला मानू नये. आम्ही अबोल डिस्क निवृत्त केली, नव्या डिस्कची आधी दीर्घ चाचणी घेतली आणि मगच तिला पहिलीची जोडीदारीण केले.

या साऱ्यात मिररिंगच्या मर्यादाही कळल्या. एका पेटीतील दोन डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून आलेल्या असतात. त्यांचे वय एक, वीज एक, छप्पर एक. चुकून एखादी गोष्ट पुसली तर ती दोन्हींवरून पुसली जाते. पेटीवर वीज पडली अथवा चोराने पेटीच नेली, तर आरशासह प्रतिमा जाते. म्हणून जाणकार सांगतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर.

हा नियम आपल्या धर्मग्रामाला नवा नाही. ट्रेंट येथील परिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. पुढे १९१७ च्या धर्मविधिसंहितेने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या वह्यांची अधिकृत प्रत दरवर्षी धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे पाठविण्यास सांगितले. चर्चला आग लागली तरी माणसांची नावे जळू नयेत, याची सोय संगणकाच्या कितीतरी आधी झालेली होती. आपल्या मराठीतील उदाहरण तर याहून जिव्हाळ्याचे आहे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ साली छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ते पुराण आपल्या हाती आले ते भाविकांनी घरोघरी नकलून ठेवलेल्या हस्तलिखितांमुळे. १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले, ते अशाच नकलांवरून. छापखाना हरला, नक्कल करणारे हात जिंकले.

प्रभूने पर्वतावरील प्रवचनात ऐहिक संपत्तीच्या शत्रूंची गणना केली आहे : कसर, जंग आणि चोर. तबकडीही शेवटी त्यांच्याच राज्यातली. आपले खरे धन तेथे नाही, हे उघड आहे. परंतु वडीलधाऱ्यांनी आपल्या हाती दिलेली ठेव पुढच्या पिढीच्या हाती जशीच्या तशी देणे हे धनसंचयाहून वेगळे आहे. ते चौथ्या आज्ञेच्या पालनात मोडते, असे माझे नम्र मत आहे.

तेव्हा वाचकबंधुभगिनींनो, आपल्या घरी असा सर्व्हर असो वा नसो, फोनमध्ये वा मुलांच्या संगणकात घरातील वृद्धांचे आवाज आणि चेहरे असतील. त्यांची एक प्रत या सप्ताहात काढा आणि ती भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा. सर्व्हर असल्यास महिन्यातून एकदा त्याची दीर्घ चाचणी घ्या. आणि जो कुरकुरतो त्याची विचारपूस करताना, जो वर्षानुवर्षे काहीच बोलत नाही त्याचीही करा. माझा अनुभव असा की, हा शेवटचा उपदेश यंत्रांपुरता नाही; घरातील माणसांनाही तो तितकाच लागू पडतो.