घरी भरलेले काडतूस

मराठीतील कित्येक ठसकेबाज शब्दप्रयोग बंदुकीच्या नळीतून बाहेर पडलेले आहेत. 'ठासून भरणे', 'फुसका बार', 'बत्ती देणे' म्हणताना आज कोणाला दारूचा वास येत नाही, ही गोष्ट वेगळी. 'काडतूस' आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले, 'दारू' फारसीतून आली. आणि बंदुकीच्या कानात पेटवणीसाठी घालावयाच्या बारीक दारूला 'रंजक' म्हणत, हे मोल्सवर्थसाहेबाच्या कोशात अद्याप वाचावयास मिळते. हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत आमच्या मराठीच्या एम. ए.ला फारसे काम पडत नाही. ते असे घरच्या घरीच खर्ची पडते. या खेपेस मात्र ते अगदी अनपेक्षित ठिकाणी उपयोगी आले.

आमचे आजोबा धार संस्थानात नोकरीस होते. पुढे घर देवासला आले. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये ज्या देवासात नांदली, तेच हे देवास. आजोबांपाशी एक बारा बोअरची बंदूक आणि एक वेबलीचे .३२ चे रिव्हॉल्वर होते. (एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, हा हिशेब आम्ही मुलांना गणिताच्या तासाला हटकून सांगतो.) बंदुकीची काडतुसे ते घरीच भरीत. वापरलेली पितळी टोपणे चिंचेच्या पाण्याने घासून वाळवावयाची, बुडाशी नवी टोपी बसवावयाची, मापाने दारू, तिच्यावर नमद्याची चकती, मग छर्रे किंवा एकच गोळी, आणि वर पुन्हा चकती. पावसाळ्यात हे काम बंद. देवघरातील समई शांत झाल्यावाचून आजी दारूचा डबा उघडू देत नसे, आणि या एका बाबतीत आजोबांनी तिचा शब्द कधी मोडल्याचे ऐकिवात नाही.

या सगळ्याची त्यांनी एक वही ठेविली होती. ती मोडीत आहे. दारूचे व शिशाचे माप गुंजा, मासे आणि तोळे यांत. आणि पुढे चार रकाने: जनावर, पावले, भरलेले माप, परिणाम. शेवटच्या रकान्यात बहुधा 'पडले' एवढेच असते. क्वचित 'शोधून संपविले' असते. दोन ठिकाणी 'जखमी गेले' असे आहे, आणि त्या दोन्ही नोंदींनंतर पुढला सबंध हंगाम वही कोरी आहे. त्यावर त्यांनी स्पष्टीकरणाचा एक शब्दही लिहिलेला नाही. कोऱ्या पानांनंतर जेव्हा नोंदी पुन्हा सुरू होतात, तेव्हा गोळीचे वजन वाढलेले असते आणि पावले कमी झालेली असतात.

आमचा पुतण्या टेक्सासमध्ये असतो. तिकडे घरी काडतुसे भरण्याचा छंद कायद्याला मान्य असून रिव्हॉल्वरने शिकार करणारेही पुष्कळ आहेत. त्याने मध्यंतरी विचारले, "काका, आजोबांच्या वहीत रोजड्याची नोंद आहे का? मला मोडी येत नाही. तुम्ही पाहून सांगाल?" टेक्सासात रोजडा कोठून आला, असे वाचक विचारतील. मौज अशी की गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील किंग रँचवर नीलगायी नेऊन सोडण्यात आल्या. त्या तेथे अशा रुजल्या की आज दक्षिण टेक्सासात त्यांचे मोकाट कळप आहेत. आपल्या माळव्यातील हरभरा खाणारे जनावर तिकडे रँचवाल्यांचे गवत खाते. त्याच्या मानेचे व खांद्याचे कातडे जाड, आणि नर दोनशे किलोंच्या वर भरतो. गोळी खाऊनही दूर निघून जाणारे जनावर म्हणून त्याची तिकडे ख्याती आहे.

रोजड्याची नोंद वहीत नव्हती. नावातच गाय असलेल्या जनावरावर आजोबांनी बार टाकला नाही. होती ती रानडुकराची, आणि तीही बंदुकीची. रिव्हॉल्वरसमोर सर्वत्र एकच शेरा: 'अखेरीस एक'. म्हणजे पडलेल्या जनावराची तडफड थांबविण्यापुरते ते हत्यार.

पुतण्यापाशी .४४ मॅग्नम आहे. एल्मर कीथ नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याने वर्षानुवर्षे घरी काडतुसे भरून जड गोळीचा आग्रह धरला, त्यातून १९५५-५६ च्या सुमारास हे काडतूस कारखान्यातून बाहेर पडले. त्याची नेहमीची गोळी २४० ग्रेनची. तोळ्याचे ग्रेन १८० आणि तोळ्याचे मासे बारा. तेव्हा ती बरोबर सोळा माशांची झाली. पुतण्या ३०० ग्रेनची, म्हणजे वीस माशांची गोळी भरावी की हलकी, वेगवान, टोकाशी पोकळ असलेली घ्यावी, या विचारात होता. पोकळ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलते. हरणास ती पुरेशी. पण जाड कातडे व खांद्याचे हाड आडवे आले तर फुफ्फुसापर्यंत पोहोचण्याआधीच तिचा जीव संपतो. जड, चपट्या तोंडाची, कथील व अँटिमनी मिसळून कठीण केलेल्या शिशाची गोळी फुलत नाही, पण सरळ आरपार जाते. पिस्तुली गोळीला रायफलीचा वेग नसतो. तिने जे साधावयाचे ते वजनाने आणि खोलीने.

जड गोळीची स्वतःची दुखणीही असतात. हत्याराचा धक्का एवढा बसतो की फिरत्या चक्रातील उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकून चक्र अडते. म्हणून टोपणाची कड गोळीवर घट्ट वळवावी लागते. आजच्या दारूचे काही प्रकार इतके थोडे लागतात की एकाच टोपणात चुकून दोनदा माप पडले तरी ते भरून वाहत नाही आणि कळत नाही. मग फुटते ते हत्यार आणि जातो तो हात. गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक टोपणात दिव्याने डोकावून पाहिलेच पाहिजे. आणि छापील कोष्टकाच्या वर गुंजभरही दारू नको. हे सारे पुतण्याला आमच्यापेक्षा अधिक माहीत आहे. आम्ही त्याला एवढेच लिहिले की, किती पावलांवरून तुझ्या सहाच्या सहा गोळ्या फराळाच्या बशीत पडतात ते आधी मोज, आणि तेवढी पावले हीच तुझ्या काडतुसाची सीमा समज. वजनाचा प्रश्न त्यानंतरचा.

आता आमच्या इकडची गोष्ट. गहू-हरभरा उभा असला की एखाद्या विद्यार्थ्याचा बाप शाळेत येतोच. "माड़साब, आपके पास तो पिस्तौल है, दो-चार रोजड़े गिरा दो." त्याचा राग खोटा नाही, एका रात्रीत कळप एकराचे शेत आडवे करतो. आम्ही त्याला फळ्यावर हिशेब मांडून दाखवितो. .३२ ची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेसहा मासे, आणि वेगही बेताचा. एवढ्याने रोजडा पडत नाही. तो पोटात शिसे घेऊन शेजारच्या शेतात जाऊन चार दिवसांनी मरतो. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती मागण्याचा मार्ग अर्जाचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरने काळवीट व रोजडे हाकून, कुंपणात घेऊन, अभयारण्यांत नेऊन सोडण्यात आले. आमच्या मते पैसा असाच खर्च व्हावा, मग खेळ कितीही महागडा वाटो. अर्ज लिहून देण्याचे काम मात्र आम्ही आनंदाने करतो. आजवर बरेच लिहिले.

आजोबांनी भरलेली अठरा काडतुसे वडिलांच्या ट्रंकेत निघाली होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि इतकी जुनी दारू केव्हा काय करील याचा नेम नाही. ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा केली. ठाण्यातील तरुण हवालदाराने पितळ हाताळून विचारले, हे कोणत्या कंपनीचे?

पुतण्याने शेवटी वीस माशांची गोळी भरली. बशीची सीमा त्याच्या हाताला पंचेचाळीस पावले निघाली. तीन दिवस तो एका पाणवठ्याशी बसला. रोजडा दोनदा दिसला, पण सत्तर पावलांच्या आत आला नाही. सहाही काडतुसे तो तशीच परत घेऊन आला. वहीतील रानडुकराच्या पानाचे बाळबोध लिपीत केलेले लिप्यंतर आम्ही त्याला पाठविले आहे. त्यातील एका शब्दाचे वळण नीट लागत नाही, तो 'झाडोरा' असावा.