न उकळता नूडल्स : मावळातला कोरडा खाऊ

झटपट नूडल्सची वडी पुड्यातून बाहेर येते तेव्हा ती शिजलेलीच असते. मैद्याची कणीक पातळ लाटून तिच्या बारीक शेवया कापतात, त्या वाफवतात आणि साच्यात बसवून पामतेलात साधारण १४० ते १६० अंश सेल्सिअसला एक-दोन मिनिटे तळतात. तळताना आतले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि शेवयांत असंख्य बारीक छिद्रे उरतात. उकळते पाणी याच छिद्रांतून आत शिरते, म्हणून नूडल्स लगेच मऊ होतात. आणि याच छिद्रांमुळे कोरडी वडी दाताखाली कुरकुरीत लागते. हक्का नूडल्स सहसा न तळता वाळवतात. त्या कोरड्या खाता येत नाहीत, त्यांना उकळणे भागच असते.

तळलेल्या वडीची ही पद्धत जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली बाजारात आणली. भारतात मॅगी १९८३ मध्ये आली. नेपाळच्या वाय वायमध्ये तर मसाला आधीच मुरवलेला असल्याने ती तिकडे सर्रास कोरडीच खाल्ली जाते.

मावळात नूडल्स प्रामुख्याने गरम खाल्ल्या जातात. पावसाळ्यात भुशी धरण, लायन्स पॉइंट, कार्ले-भाजे लेण्यांच्या वाटा आणि लोहगडवाडी येथे ताडपत्रीखालच्या टपऱ्यांवर कांदाभजी, भाजलेले कणीस आणि चहा यांच्या बरोबरीने मॅगी मिळते. मळवली स्टेशनपासून लोहगडापर्यंत चालत गेलेल्या माणसाला ती अमृतासारखी वाटते, आणि त्यात काही गैर नाही. मात्र लोहगडाची उंची हजार मीटरच्या पुढे आहे. तिथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते आणि वारा शेगडीची आच पळवतो. त्यामुळे गडावर स्वतः नूडल्स करायच्या तर इंधन आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. कोरड्या प्रकारांची सोय इथे कळते.

प्रस्तुत लेखिकेचे शिक्षण कामशेत आणि तळेगाव या भागात झाले. शाळकरी वयात लोणावळा लोकलमध्ये खाल्लेला चुरा हा तिला माहीत असलेला पहिला प्रकार. पुडा फोडण्याआधीच वडी बाहेरून तळहाताने चुरायची, मग एक कोपरा उघडून मसाल्याची पुडी आत रिकामी करायची आणि तोंड धरून पुडा हलवायचा. पुडी अर्धीच घातली तर चव बरी येते. सगळा मसाला उकळीच्या पाण्यासाठी मोजलेला असतो आणि कोरड्या चुऱ्यावर तो खारट होतो. डोंगरात चालताना हा चुरा भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर खाल्ला तर पोटाला आधार होतो. सोबत पाणी मात्र भरपूर हवे.

दुसरा प्रकार भेळेचा. कोरड्या कढईत मंद आचेवर चुरा चार-पाच मिनिटे परतला की त्याला खमंग रंग येतो आणि तेलाचा वास जातो. त्यात बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि लिंबू घालतात. मावळातल्या पावसाळी घरात यात उकडलेल्या मक्याचे दाणे पडले नाहीत तर भेळ अपुरी वाटते. टोमॅटोच्या बिया काढून टाकाव्यात, लिंबू सगळ्यात शेवटी पिळावे आणि भेळ कालवताच खावी. जराशा उशिरानेही चुरा नरम पडतो. पुण्या-मुंबईच्या गाड्यांवरची चायनीज भेळ हिच्या जवळची, पण तिच्यात नूडल्स उकडून पुन्हा तळलेल्या असतात आणि कोबी व शेजवान चटणी लागते.

तिसरा प्रकार लोणावळ्याला शोभणारा आहे : चिक्की. परतलेला चुरा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट किंवा पाकळ्या समप्रमाणात घ्याव्यात. मसाल्याची पुडी यात वापरायची नाही. चिक्कीचा गूळ चमचाभर तुपावर वितळवून पाक करावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे. तो चिवट ताणला गेला तर चिक्की दाताला चिकटते. पाक झाला की गॅस बंद करून चुरा आणि शेंगदाणे घालावेत, तूप लावलेल्या ओट्यावर मिश्रण ओतून लगेच लाटावे आणि गरम असतानाच सुरीने वड्या आखाव्यात. लेखिकेच्या घरी ही चिक्की दिवाळीच्या फराळातही ठेवली जाते. शेंगदाण्याच्या चिक्कीपेक्षा ती हलकी असते आणि मुलांना अधिक आवडते.

चौथा प्रकार तळणीचा. उकडलेला बटाटा आणि मक्याचे दाणे यांच्या चपट्या टिक्क्या तांदळाच्या पिठाच्या पातळ घोळात बुडवून नूडल्सच्या चुऱ्यात घोळवतात आणि तळतात. नूडल्स आधीच तळलेल्या असल्याने त्या चटकन करपतात. म्हणून आच मध्यमच ठेवावी आणि रंग बदलताच टिक्की काढावी. टपऱ्यांवर कुठे कुठे मिळणाऱ्या मॅगी भजीत मात्र उकडलेल्या नूडल्स बेसनात कालवतात, त्यामुळे तिचा आतला भाग मऊ राहतो.

साठवणीचा प्रश्न मावळात विशेष महत्त्वाचा आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात हवेतला दमटपणा उघड्या डब्यातले काहीही सादळवतो. परतलेला चुरा पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. सादळलेला चुरा पुन्हा परतला तर कुरकुरीतपणा येतो, पण जुन्या तेलाचा खवट वास येत असेल तर तो फेकून द्यावा.

हा खाऊ रोजचा नव्हे. ७० ग्रॅमच्या एका पुड्यातून सुमारे ३०० किलोकॅलरी मिळतात; त्यात मैदा आणि तेलच मुख्य, आणि मसाल्यात मीठ बरेच. रक्तदाबाच्या रुग्णांनी मसाल्याची पुडी टाळून लिंबू, जिरेपूड आणि थोडे तिखट वापरावे. लहान मुलांना एक पुडा दोघांत वाटून द्यावा आणि शेंगदाणे, मका, कांदा यांचे प्रमाण नूडल्सपेक्षा जास्त ठेवावे.

कोरड्या नूडल्सना गडावर चूल लागत नाही, भांडे लागत नाही आणि उन्हाळ्यात वाळल्या गवताला आग लागण्याची भीती राहत नाही. मागे उरतो तो फक्त पुड्याचा प्लास्टिक कागद. लोहगडावर, राजमाचीवर किंवा तिकोन्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने तो खिशात घालून खाली आणावा.