ग्लोव्हजची एकच जोडी

क्रिकेटच्या संघात बॅट्समन पाच-सहा असतात, बोलर चार-पाच असतात. विकेटकीपर एकच. चौथ्या नंबरच्या बॅट्समनची जागा गेली तर त्याला सहावर खेळवता येतं. दुसऱ्या कीपरला मात्र बाकावरच बसावं लागतं. पहिल्याचं बोट मोडावं, त्याला ताप यावा किंवा त्याच्या मेहुण्याचं लग्न निघावं, तेव्हाच याचा नंबर लागतो.

सोलापुरातल्या एका छोट्या क्लबात मी दोन सीझन असा दुसरा कीपर होतो. पहिले कीपर अण्णा. मग मला नोकरी लागली आणि खेळणं सुटलं. त्याला आता दहा वर्षं होतील. अण्णा छत्तीस वर्षांचे झालेत आणि अजूनही तेच कीपर आहेत. मी क्लबाचा संघ निवडणाऱ्या तिघांपैकी एक आहे. यंदा आमच्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा आलाय. हात मऊ, पाय चपळ. त्याला अण्णांच्या मागे बसवायचं की सरळ उभं करायचं, यावर आमच्या तिघांत महिनाभर वाद चालला.

हा वाद सगळ्यात जोरात चालतो तो अमेरिकेत. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. संघाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते आणि मैदानावर तो एका वेळी एकच असतो. कॉलेजातून आलेल्या पोराला लगेच खेळवायचं की एखाद्या मुरलेल्या खेळाडूमागे शिकू द्यायचं, यावर तिथे वर्षानुवर्षं चर्चा होते. दोन्ही बाजूंकडे दाखले आहेत. ॲरन रॉजर्स २००५ साली ग्रीन बे संघात आला. ब्रेट फाव्ह्रच्या मागे तीन सीझन बसला, २००८ मध्ये मुख्य खेळाडू झाला आणि पुढे संघाला सुपर बोल जिंकून दिला. पॅट्रिक महोम्सने २०१७ चा जवळजवळ अख्खा सीझन ॲलेक्स स्मिथला बघत काढला. पुढच्याच सीझनला पन्नास टचडाऊन पास टाकून तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याउलट पेटन मॅनिंगला १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून उतरवलं. त्या सीझनला त्याचे अठ्ठावीस पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले आणि संघ सोळापैकी तेरा सामने हरला. पुढच्या वर्षी त्याच संघाने तेरा जिंकले.

म्हणजे बसून शिकलेलेही मोठे झाले आणि पडत-धडपडत शिकलेलेही. नुसती नावं मोजून उत्तर सापडत नाही.

आपल्याकडचे दाखले बघू. पार्थिव पटेल २००२ मध्ये नॉटिंगहॅमला कसोटी खेळला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि तोवर रणजीचा एकही सामना खेळलेला नव्हता. शेवटच्या दिवशी तासाभराहून जास्त टिकून त्याने सामना वाचवायला हातभार लावला. पण दोन वर्षांत कीपिंगमधल्या चुका वाढल्या आणि २००४ मध्ये तो संघाबाहेर गेला. ज्या वयात बाकीचे कीपर रणजीत हात बसवतात, त्या वयात त्याच्या चुका सगळा देश बघत होता.

दुसरं टोक म्हणजे वृद्धिमान साहा. फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरला सामन्याच्या सकाळी रोहित शर्मा जखमी झाला आणि साहा अचानक संघात आला, तोही फक्त बॅट्समन म्हणून, कारण ग्लोव्हज धोनीकडे होते. त्यानंतर २०१४ च्या शेवटी धोनी कसोटीतून निवृत्त होईपर्यंत तो बहुतेक वेळ वाट बघत राहिला. जागा हक्काची झाली तेव्हा साहा तीस वर्षांचा होता. पण मधल्या वर्षांत तो बंगालकडून खेळत होता. भारतीय संघात तो दुसरा असेल, बंगालसाठी पहिलाच कीपर होता.

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडचंही तसंच झालं. चेन्नईने त्याला वीस लाखांत घेतलं आणि २०१९ चा अख्खा सीझन बाकावर ठेवलं. पण त्याच वर्षी तो भारत ‘अ’ संघाकडून धावा करत होता. २०२० मध्ये संधी मिळाली तेव्हा पहिल्या तीन डावांत त्याने शून्य, पाच आणि शून्य काढले. सीझनच्या शेवटच्या तीन सामन्यांत सलग तीन अर्धशतकं. २०२१ मध्ये ६३५ धावांसह ऑरेंज कॅप, २०२४ मध्ये कप्तानपद. त्याचं नाव घेऊन लोक सांगतात, ‘बघा, थांबला म्हणून मोठा झाला.’ मला वाटतं, तो एका संघात थांबला होता आणि दुसऱ्या संघात खेळत होता. आणि तीनदा फसल्यावर त्याला चौथी संधी मिळाली.

थांबण्याने काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही. अण्णांच्या मागे बसून मला बरंच मिळालं. स्पिनरला चेंडू पडायच्या आधी उठायचं नाही, चेंडूबरोबर उठायचं. लेगला जाताना आधी डोकं न्यायचं, हात मागून येतात. हे मी पार्क मैदानावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत, अण्णांचे पाय बघत शिकलो. पण ते लग्नाला गेले म्हणून मला चार सामने मिळाले, तेव्हा जे कळलं ते बाकावर बसून कधीच कळलं नसतं. एप्रिलच्या उन्हात पस्तिसाव्या ओव्हरला मांड्या थरथरतात. बोलर चिडलेला असतो आणि पुढचा चेंडू कसाही येणार असतो. अपील करायचं की नाही हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. बघून तंत्र येतं. ते दमल्यावर टिकतं का, हे खेळल्यावरच कळतं.

आता पैशाचं बोलू. बसून शिकण्याची तारीफ करताना कुणी हे बोलत नाही. रॉजर्सला त्या तीन वर्षांचा पगार मिळत होता, भरपूर. ऋतुराजला बाकावर बसायचे वीस लाख होते. आमच्या मुलाचे वडील पॉवरलूमवर आहेत, आई घरी बिड्या वळते. तो बारावीला आहे. खेळात काही दिसलं नाही तर पुढच्या वर्षी तो गारमेंटच्या कारखान्यात लागेल हे त्यालाही माहीत आहे. त्याची आई मला म्हणाली, “दादा, हे पोरगं रोज बॅग घेऊन जातंय अन् बसून येतंय. अजून किती दिवस बसायचं ओ ह्यानं?” तिचं म्हणणं साधं होतं. आकडा सांगा.

आपल्याच जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेचं उदाहरण आमच्या चर्चेत निघालं. ती नागालँडकडून खेळली. २०२२ मध्ये एका टी-ट्वेंटी सामन्यात तिने नाबाद १६२ काढले आणि त्याच वर्षी ती भारताकडून उतरली. जिथे खेळायला मिळेल तिथे जायचं, हाही एक मार्ग आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाला आम्ही ‘जा बाबा नागालँडला’ असं कसं सांगणार? त्याला खेळायला मिळेल अशी जागा आम्हालाच इथे करून द्यायला हवी.

म्हणून आम्ही तारीख ठरवली. लीगचे पहिले चार सामने अण्णा कीपिंग करतील. त्या दिवसांत मुलगा आमच्या ‘ब’ संघाकडून प्रत्येक सामन्यात कीपर असेल, बाटल्या दुसरं कुणीतरी नेईल. पाचव्या सामन्यापासून ग्लोव्हज त्याचे, आणि सलग चार सामने त्याला काढायचं नाही, कितीही बाय गेल्या तरी. त्यात एखादा सामना हरलो तर ती आम्ही भरलेली फी.

हे अण्णांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. दहा वर्षांपूर्वी माझ्यासाठी अशी तारीख कुणी ठरवली नव्हती, हे बोलताना माझ्या मनात होतं. त्यांच्याही असावं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मी फर्स्ट स्लिपला उभा राहतो. कीपरचे पाय तिथनंच नीट दिसतात. बाकावरनं काय दिसतंय?”

आमच्या महिनाभराच्या वादात हे कुणालाच सुचलं नव्हतं. नव्याने जुन्याच्या मागे बसावं की नाही, एवढंच आम्ही विचारत होतो. जुन्याने नव्याच्या शेजारी उभं राहायचं, हे अण्णांनी सांगितलं. मुलाच्या आईला मी आकडा कळवलाय. चार सामने.