गुडघाभर पाण्यातली शिकार

मासे धरायला बसलेला माणूस म्हणजे गळ सोडून, विडी शिलगावून, तासन् तास स्वस्थ बसलेला माणूस, अशी आपली कल्पना. पाण्याखाली काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो. दोरीला हिसका बसेल तेव्हा खरे! अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याला दक्षिणेकडे शेपटीसारखी एक बेटांची माळ लोंबते आहे. तिथली रीत मात्र अगदी उलटी. तिथे आधी मासा डोळ्यांनी हुडकायचा, तो कुठे निघाला आहे ते ताडायचे, आणि मगच त्याच्या तोंडापुढे आमिष टाकायचे. मासा दिसलाच नाही, तर दिवसभर गळ ओला होत नाही. याला मासेमारी म्हणण्यापेक्षा शिकार म्हणणेच बरे.

या बेटांना ‘कीज’ म्हणतात. माझा भाचा मायामीला असतो. एप्रिल महिन्यात त्याने मला मोटारीत घातले आणि दक्षिणेची वाट धरली. मुख्य भूमी सुटली की रस्ता या बेटावरून त्या बेटावर पुलांवरून उड्या घेत की वेस्टपर्यंत जातो. डाव्या हाताला अटलांटिक महासागर, उजव्या हाताला फ्लॉरिडाचा उपसागर. पूर्वी इथून आगगाडी जाई. १९१२ साली ती की वेस्टला पोचली आणि १९३५च्या सप्टेंबरातल्या चक्रीवादळाने तिचा निकाल लावला. रेल्वेच्या उरलेल्या पुलांवरूनच पुढे १९३८ साली मोटारींचा रस्ता सुरू झाला. आजही इथले दुकानदार आपला पत्ता मैलाच्या आकड्यावर सांगतात.

आम्ही उतरलो ते इस्लामोराडा गावी. इथे नावाडी म्हणायचे नाही, ‘कॅप्टन’ म्हणायचे. आमचे कॅप्टन साठीकडे झुकलेले, उन्हाने रापलेले, तोंड बेताचेच उघडणारे. त्यांची होडी वीतभर पाण्यातही तरंगेल अशी. उथळाशी पोचल्यावर त्यांनी यंत्र बंद केले, मागच्या उंच चौथऱ्यावर चढले आणि अठरा-वीस फुटी काठीने होडी रेटू लागले. आवाज म्हणून नाही. भाच्याच्या हातून एक डबी खाली पडली, तर त्यांनी असे पाहिले की देवळात कुणी शिंकावे!

या उथळांना ‘फ्लॅट’ म्हणतात. मैलच्या मैल पसरलेले गुडघाभर पाणी, खाली कुठे पांढरी चिखलवाळू, कुठे समुद्री गवताची कुरणे. मुंबईला उधाणाच्या दिवशी समुद्र पंधरा फूट चढउतार करतो. इथे भरती-ओहोटीत हात-दीड हाताचा फरक. पण त्या हातभर पाण्यावर सगळा कारभार. पाणी चढू लागले की खोल पाण्यातले मासे गवतातली कोळंबी नि खेकडे खायला वर येतात, उतरू लागले की परत फिरतात. थंडीत हे उथळ पाणी लवकर गारठते, तेव्हा मासे खोलात राहतात. भर उन्हाळ्यात दुपारी ते फार तापते. म्हणून वसंतऋतूचा एवढा महिमा.

पहिला मान बोनफिशचा. हा अंगाने असा चांदीसारखा की तळाचे प्रतिबिंबच त्याच्या खवल्यांवर पडते. मासा दिसत नाही, वाळूवर सरकणारी त्याची सावली दिसते. तीही नवख्याला नाही. चष्मा पाण्याची चकाकी मारणारा हवा, सूर्य पाठीशी हवा, आणि मुख्य म्हणजे पाण्याकडे न पाहता पाण्यातून पाहायची सवय हवी. कधी एखाद्या जागी पाणी उगाचच शहारते. खालून थवा चाललेला असतो. कधी मासा तोंड चिखलात खुपसून खाऊ लागतो आणि त्याची शेपटी पाण्याबाहेर उन्हात लकाकते.

“अकरा वाजता, चाळीस फूट,” कॅप्टन वरून कुजबुजले.

मी घड्याळाकडे पाहिले नाही, कारण ही भाषा भाच्याने मला आदल्या रात्री शिकवली होती. होडीचे नाक म्हणजे बारा. अकरा म्हणजे किंचित डावीकडे. भाच्याने काठी दोनदा झुलवली आणि पिसे नि केस गुंडाळून केलेली नकली कोळंबी सावलीच्या वाटेवर अलगद उतरवली. सावली थांबली, वाकली, आणि पुढच्या क्षणी चाकावरची दोरी किंचाळत धावू लागली. अडीच-तीन शेरांचा मासा तो, पण पाहता पाहता शंभर वार गेला!

हाती आल्यावर भाच्याने त्याला पाण्यातच धरून गळ काढला आणि सोडून दिले.

माझ्यासारख्या कोकणच्या माणसाला इथे ठसका लागतो. दिवसाला शेकडो डॉलर मोजायचे, उन्हात करपायचे, आणि मासा परत समुद्रात? पण तो कायदाच आहे. २०१३ सालापासून फ्लॉरिडात बोनफिश ठेवून घेता येत नाही. टार्पनचेही तेच, फक्त विक्रमासाठी खास परवाना काढला तर गोष्ट वेगळी. टार्पन म्हणजे पुरुषभर लांबीचा, मणा-दोन मणांचा मासा. एप्रिल ते जून त्यांच्या रांगा बेटांच्या कडेने जातात. गळ लागला की तो सबंध बाहेर उसळतो, आणि तेव्हा मासेमाराने पुढे वाकून दोरी सैल सोडायची. न वाकेल त्याची दोरी तुटते. मादी पन्नास वर्षांहून अधिक जगते. सोडलेला मासा जगतोच असेही नाही. दमलेल्या टार्पनची वाट पाहत शार्क घिरट्या घालतात.

पण या माशांना गळापेक्षा पाण्याची भीती अधिक आहे. ओकीचोबी सरोवराचे गोडे पाणी पूर्वी एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून हळूहळू उपसागरात उतरे. विसाव्या शतकात कालवे नि बांध घालून ते बाजूला वळवले. मग अवर्षणात उपसागर फाजील खारट होतो नि तापतो. १९८७ साली आणि पुन्हा २०१५ साली समुद्री गवताची कुरणेच्या कुरणे मेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दक्षिण फ्लॉरिडातल्या ९३ बोनफिशांच्या अंगी सरासरी सात-सात औषधे सापडली, रक्तदाबाची, मनोविकारांची! माणसाच्या पोटातून मोरीत, मोरीतून समुद्रात. आणि २०२३च्या अखेरीपासून २०२४च्या वसंतापर्यंत याच बेटांपाशी मासे गरगरा फिरू लागले; करवतीसारख्या तोंडाचे दुर्मिळ सॉफिश पन्नासांहून अधिक मेले. तळाशी वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या विषावर शास्त्रज्ञांचा संशय आहे.

हे सारे मी कॅप्टनना विचारले. काठी पाण्यात रोवून ते थोडा वेळ उभे राहिले. “मी पोरगा होतो तेव्हा त्या कोपऱ्यावर मासे मोजावे लागत नसत,” ते म्हणाले. “मधली काही वर्षं तर मी गिऱ्हाइकांना खरं सांगायचं टाळायचो. आता लहान बोनफिश पुन्हा दिसू लागलेत. लहान दिसतात म्हणजे कुठेतरी जन्मतात, नाही का?”

रात्री जेवायला यलोटेल स्नॅपर होता, लिंबू पिळून तळलेला, झकास. बोनफिश मात्र आपल्या पाल्यासारखा काटेरी, म्हणून तर त्याचे नाव तसे पडले. शेजारच्या बहामा बेटांत तो आवडीने खातात असे ऐकून मी कॅप्टनना त्याची चव विचारली.

“चाळीस वर्षं झाली,” ते म्हणाले, “मला ठाऊक नाही.”